बोंडअळीचा धडा आणि सिंथेटिक बायोलॉजी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंथेटिक बायोलॉजी, म्हणजे जनुके लिहून हवे तसे सजीव घडवण्याचे तंत्र, हा शब्द छापून आला की पाठोपाठ एकतर 'क्रांती' येते, नाहीतर 'संकट'. दोन्ही शब्द दुरून बोलणाऱ्यांचे आहेत. नागपूर, वर्धा, यवतमाळच्या पट्ट्यातल्या माणसाला या विषयाचा दोन दशकांचा अनुभव आहे. फक्त त्याला या नावाने कोणी हाक मारलेली नाही. २००२ च्या मार्चमध्ये केंद्राच्या समितीने बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली आणि बनवलेले जनुक पहिल्यांदा आपल्या पऱ्हाटीत उतरले. ते पुढे जिथे फसले ती जागा प्रयोगशाळेबाहेरची होती. आता त्याहून कितीतरी ताकदीचे तंत्र दाराशी आहे आणि ती जागा अजून रिकामीच दिसते, म्हणून हे पत्र.

आधी कापसाचे पाहू. बीटीचे जनुक मातीतल्या एका जिवाणूचे. त्यापासून होणारे क्राय प्रथिन अळीच्या आतड्याला भोके पाडते. सुरुवातीच्या वाणांत असे एक जनुक होते, २००६ पासूनच्या बोलगार्ड-२ मध्ये दोन. अळी या विषाला सरावू नये म्हणून नियम घातला होता: शेताभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त भरेल ते. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीचे १२० ग्रॅमचे पाकीट त्यासाठीच येई. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांनी एखाददुसऱ्या सरावलेल्या पतंगाशी जोडी जमवावी आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडणारी निघावी, असा हिशेब होता. पण पाच एकरवाल्या कास्तकाराला एक एकर अळीला चारा म्हणणे कागदावरच सोपे. त्यातून छोट्या पाकिटातले बियाणे वेगळ्या कालावधीचे किंवा उगवणीला कच्चे निघाले की ते धुऱ्यावर फेकले जाई. आश्रयाच्या ओळी लागल्याच नाहीत.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. आपल्याकडे बीटी आले ते संकरित वाणांत. अशा झाडाच्या पानांत विष असते, पण त्याच्या बोंडातल्या सरक्या वेगवेगळ्या निघतात: काहींत दोन्ही प्रथिने, काहींत एक, आणि साधारण सोळातल्या एकीत एकही नाही. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला कमी-जास्त मात्रेची तालीम मिळत गेली. यात भर फरदडीची. डिसेंबरात संपायचे पीक पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत उभे ठेवले की अळीच्या एक-दोन पिढ्या फुकट पोसल्या जातात आणि पुढच्या हंगामाला तयार राहतात. गुजरातेत २०१० च्या सुमारास पहिल्या जनुकाला प्रतिकार दिसला, काही वर्षांत दुसऱ्यालाही, आणि २०१७ मध्ये विदर्भात बोंडे फोडली की आत अळी, असे चित्र होते. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. याच जातीच्या जनुकांवर अमेरिकेत मात्र वांझ पतंग सोडणे, गंधाने नर पतंगांना चकवणे आणि पऱ्हाट्या वेळेवर काढणे यांची जोड दिली गेली. २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. जनुक तेच होते, भोवतीचा बंदोबस्त वेगळा होता. आपल्याकडे बिगर-बीटी बियाणे एकाच पाकिटात मिसळून द्यायची ४७५ ग्रॅमची सोय आली, पण घोडे उधळल्यावर तबेल्याचे दार बदलण्यातला हा प्रकार.

आता सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे यापुढे काय? बीटीत निसर्गातले एक जनुक उचलून दुसरीकडे लावले होते. इथे जनुक संगणकावर लिहिले जाते, त्याची मागणी नोंदवली जाते आणि कोरड्या पावडरीच्या रूपात कुरियरने नळी येते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक अक्षर जोडायला दोन दशकांपूर्वी काही डॉलर पडत, आता काही सेंट. २०१० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने सुमारे १०.८ लाख अक्षरांचा जिवाणूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, रासायनिक पद्धतीने बनवून दुसऱ्या पेशीत घातला आणि ती पेशी वाढू लागली. त्याआधी डीएनएए नावाच्या एका आवश्यक जनुकात एकच अक्षर गळाले होते, तेवढ्यासाठी काम कित्येक आठवडे अडले. २०१६ मध्ये त्याच गटाने ४७३ जनुकांवर जगणारी पेशी केली. त्यांतल्या १४९ जनुकांचे नेमके काम त्यांनाही सांगता आले नाही. 'जीवन डिझाइन करतो' म्हणणाऱ्या प्रत्येक सादरीकरणाच्या पहिल्या पानावर हा १४९ चा आकडा ठळक छापावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

तरीही या तंत्राने काय मिळते हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८२ पासून मधुमेहींना मिळणारे मानवी इन्सुलिन जिवाणूंच्या पोटातून येते. त्याआधी ते डुकरा-गाईंच्या स्वादुपिंडातून काढत. गडचिरोलीतल्या फॅल्सिपॅरम मलेरियावर दिले जाणारे आर्टेसुनेट ज्या आर्टेमिसिनिनपासून बनते, त्याचे कच्चे रूप यीस्टमध्ये बनवायचे काम बर्कलीच्या जे कीसलिंग यांच्या गटाने केले. २०१३ पर्यंत लिटरमागे २५ ग्रॅम उतारा गाठला गेला आणि सानोफीने इटलीत कारखाना लावला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढे आर्टेमिसिया झाडापासून निघणाऱ्या मालाचा भाव किलोला २५० डॉलरच्या खाली आला, कारखान्याचा ना-नफा भाव ३५० ते ४०० होता, आणि २०१५ मध्ये त्या कारखान्याने यीस्टचे आर्टेमिसिनिन अजिबात बनवले नाही. झाड लावणारा शेतकरी हरेल अशी भीती होती, हरला कारखाना. उलटही होऊ शकते. संत्र्याच्या गंधातला व्हॅलेन्सीन हा घटक आज सूक्ष्मजीवांकडून बनवून विकला जातो. नागपुरी संत्र्याला त्याची थेट झळ नाही, कारण ते व्हॅलेन्शिया जातीच्या मोसंब्यासारख्या फळातले द्रव्य आहे आणि आपले संत्रे सोलून खायचे. पण काटोल-वरुडला सालीच्या तेलावर प्रक्रिया उद्योग उभारण्याची स्वप्ने दाखवणाऱ्यांनी आधी हा भाव पाहावा.

नागपुरात असा जैव कारखाना यावा, असे अधूनमधून म्हटले जाते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने जैव उत्पादनाला चालना देणारे बायोई३ धोरण मंजूर केल्यापासून जरा जास्तच. यावा की. मात्र लिटरभर चंबूत जमलेले हजार लिटरच्या टाकीत का जमत नाही, हे आधी समजून घ्यावे. सूक्ष्मजीव वाढताना उष्णता सोडतात. टाकी जितकी मोठी तितका तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून उष्णता अडकते. यीस्टला ३० अंश लागतात. ते राखायला थंड पाणी लागते आणि ते साध्या कूलिंग टॉवरमधून येते. कूलिंग टॉवर म्हणजे आपल्या घरच्या वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरचाच मोठा भाऊ. नागपूरकराला हे सांगावे लागत नाही की कूलर मे महिन्यात ४५ अंशांतही गार हवा देतो आणि जुलैत ३१ अंशांत नुसता ओलावा. टॉवरचेही तेच: वैशाखात पाणी २७-२८ अंशांपर्यंत उतरते, आषाढात ३१-३२ वर अडते, म्हणजे यीस्टच्या गरजेच्या वर. तेव्हा चिलर चालवावा लागतो आणि विजेचे बिल बदलते. प्रकल्प अहवालात उन्हाळ्याचे तापमान लिहून चिलरचा हिशेब केलेला दिसला तर तो अहवाल नागपूर न पाहिलेल्या माणसाने केला असे समजावे. दुसरी अडचण ऑक्सिजनची, आणि तिसरी फुकट्यांची: उत्पादनाचे ओझे वाहणाऱ्या पेशी हळू वाढतात, ज्या पेशीत बिघाड होऊन ते ओझे गळून पडते ती झपाट्याने वाढते. पन्नास-साठ पिढ्यांत टाकी अशा फुकट्यांनी भरू शकते. मग बाहेरून सगळे ठीक, आत माल नाही.

खरी काळजी मात्र टाकीच्या खालच्या नळाची. काम झाल्यावर जे उरते ते कुठे जाते?

छोट्या प्रयोगशाळेत हा प्रश्न ऑटोक्लेव्हवर, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रावर, सुटतो किंवा अडतो. १२१ अंश, १५ पौंड दाब, स्वच्छ माध्यमाला १५ ते २० मिनिटे. कचऱ्याच्या भरलेल्या पिशवीला ४५ ते ६० मिनिटे. चूक होते ती जवळपास ठरलेली असते. पिशवीचे तोंड घट्ट बांधतात, वाफ आत शिरत नाही. दाबाचा काटा १५ वर पाहून समाधान मानतात. आत अर्धी हवा राहिली असेल तर त्याच दाबाला तापमान ११२ च्या आसपासच असते. घरी कुकरला वाफ धरल्यावरच शिट्टी लावतात, त्यामागचे कारण हेच: आधी हवा जाऊ द्यायची. ऑटोक्लेव्हच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे काम झाले, हाही समज चुकीचा. पट्टी फक्त बाहेरच्या बाजूला ते तापमान येऊन गेल्याचे सांगते. पक्की परीक्षा एकच. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची पट्टी पिशवीच्या पोटात, अगदी मध्यभागी ठेवायची, नेहमीची फेरी करायची, मग पट्टी पोषक द्रवात ५५ ते ६० अंशांवर ४८ तास ठेवायची. सोबत न शिजवलेली एक पट्टी तुलनेला. द्रवाचा रंग बदलला तर फेरी फसली. ही चाचणी महिन्यातून एकदा व्हावी आणि वहीत तारखेसह चिकटवावी. खर्च किरकोळ आहे, आळस महाग आहे. पातळ कचऱ्याला ब्लीच घालतात, तेही त्याच दिवशी केलेले हवे. नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेल्या ब्लीचचा जोर पाहता पाहता उतरतो आणि बाटलीवरचे लेबल तेच राहते.

जिवाणू मेला तरी त्याचा डीएनए काही काळ टिकतो. प्रयोगशाळेतल्या बहुतेक बनवलेल्या जिवाणूंत खूण म्हणून प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक घातलेले असते, बहुधा अँपिसिलिन किंवा कॅनामायसिनचे. ते सांडपाण्यात उतरले तर तिथले जिवाणू ते उचलू शकतात. नाग नदीत औषधांना न जुमानणारे जिवाणू यायला सिंथेटिक बायोलॉजीची वाट पाहावी लागणार नाही, अर्धवट सोडलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या ते काम करतातच. पण त्यात आपण भर घालू नये.

आणि नाग नदीचा विषय निघालाच आहे तर: 'मैला खाणारे खास जिवाणू सोडा, नदी स्वच्छ' हा प्रस्ताव कधी ना कधी येईल. त्याला इतिहास आहे. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जिवाणूला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी पेटंटयोग्य ठरवले. तेलगळतीवर तो उघड्यावर सोडला मात्र गेला नाही. कारण प्रयोगशाळेत लाडात वाढलेला जिवाणू उघड्या पाण्यात बहुधा टिकत नाही: स्थानिक जिवाणू त्याचे अन्न पळवतात, विषाणू आणि आदिजीव त्याला खातात. आणि जो टिकतो तो परत बोलावता येत नाही.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे मरणाची कळ. बाहेर पडताच पेशीने स्वतःला संपवावे, अशी जनुकीय रचना. इथे साधा गुणाकार करावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा निकष दहा कोटी पेशींत एकाहून कमी पेशी निसटाव्यात असा आहे. ऐकायला भक्कम. पण मिलिलिटरला शंभर कोटी पेशी धरल्या तर हजार लिटरच्या एका टाकीत एकावर पंधरा शून्ये इतक्या पेशी झाल्या. दहा कोटींत एक म्हणजे एक कोटी निसटलेल्या. २०१५ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या गटाने निसर्गात नसलेल्या अमिनो आम्लावरच (प्रथिनांच्या सुट्या घटकावरच) जगणारा ई. कोलाय जिवाणू केला. त्याचे निसटणे इतके कमी, की लाख कोटी पेशींत दोन-तीन या मोजण्याच्या सीमेखाली गेले. त्याच टाकीला हे गणित लावले तरी दोन हजारांच्या आसपास ही वरची मर्यादा उरते. तेव्हा कळ बसवावी, पण तिच्या भरवशावर तोटी उघडी ठेवू नये. कळीबरोबर टाकीचा द्रव उष्णतेने मारणारी वेगळी टाकी हवी, आणि तिची तपासणी वर सांगितलेल्या बीजाणूंनीच.

आरोग्याच्या बाबतीत विदर्भाने या तंत्राकडे सर्वांत आशेने पाहावे ते सिकलसेलसाठी. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची अदलाबदल, एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे, आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. २०२३ च्या शेवटी ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने क्रिस्पर या जनुके कापणाऱ्या कात्रीवर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता दिली. त्यात बिघडलेले अक्षर दुरुस्त करत नाहीत. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद पाडणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचा एक नियंत्रक तुकडा कापतात, मग शरीर पुन्हा ते जुने हिमोग्लोबिन बनवू लागते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या घरात. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुक-संशोधन संस्थेने स्वतःची कात्री विकसित केली आहे आणि २०२५ च्या नोव्हेंबरात 'बिरसा १०१' या नावाने ती जाहीर झाली. किंमत उतरेलच.

पण कात्री स्वस्त झाली म्हणून एसएस रुग्ण, म्हणजे आई-वडील दोघांकडून बिघडलेले जनुक आलेला, बरा होत नाही. आधी रक्तातून मूळपेशी गोळा करायच्या. एका वेळी पुरेशा मिळतीलच असे नाही, रक्तातून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर (ॲफेरेसिस) दोन-तीनदा बसावे लागते. त्या संपादित होऊन परत यायला काही महिने. मग बुसल्फान हे जहाल औषध देऊन रुग्णाचा जुना अस्थिमज्जा रिकामा करायचा, पेशी घालायच्या आणि चार ते सहा आठवडे शुद्ध हवेच्या खोलीत ठेवायचे, कारण त्या काळात साधी बुरशीही जीव घेऊ शकते. बुसल्फानने वंध्यत्व येऊ शकते, म्हणून त्याआधी बीजांडे किंवा शुक्राणू गोठवण्याची सोय आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे हवे. शुद्ध हवेच्या खोल्या, प्लेटलेट्सचा पुरवठा, प्रशिक्षित परिचारिका, बाहेरगावच्या नातेवाइकांना दीड महिना राहायची जागा: या गोष्टी नागपुरात वाढवल्या तरच कात्रीचा उपयोग. खरे तर त्याहीआधीची पायरी तपासणी. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायची होती. सोल्युबिलिटीची स्वस्त चाचणी एएस (एकाकडूनच ते जनुक आलेला वाहक) आणि एसएस यांत फरक करत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात ती फसते, कारण त्याच्यात गर्भाचे हिमोग्लोबिन भरपूर असते. नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णातही फसते. म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी झालीच पाहिजे, आणि एएस म्हणजे आजारी नव्हे हे कार्ड हातात देतानाच सांगितले गेले पाहिजे. लग्ने मोडतात ती या एका वाक्याच्या अभावी.

हेतुपुरस्सर गैरवापराविषयी थोडेच लिहितो, कारण त्याचा तपशील वर्तमानपत्रात नसलेलाच बरा. २००२ मध्ये पोलिओचा विषाणू मागवलेल्या डीएनए तुकड्यांवरून तयार झाला आणि २०१७ मध्ये त्याहून खूप मोठा घोडेदेवीचा (देवीच्या विषाणूच्या कुळातला, घोड्यांचा). म्हणजे गोठवलेला नमुना कुलपात ठेवणे आता पुरेसे नाही. जनुके बनवून विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी २००९ मध्ये एकत्र येऊन प्रत्येक मागणी धोकादायक जनुकांच्या यादीशी ताडून पाहायची आणि ग्राहक कोण हे तपासायचे ठरवले. ही शिस्त ऐच्छिक आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की कृत्रिम बुद्धिमत्तेने घटकांचा क्रम बदलून रचलेली प्रथिने अशा चाळणीतून निसटू शकतात. नंतर चाळणी बारीक करण्यात आली. आपल्या शहरापुरता प्रश्न साधा आहे. महाविद्यालयाची मागणी स्थानिक विक्रेत्यामार्फत गेली, तर कंपनीच्या नोंदीत विक्रेत्याचे नाव दिसते, वापरणाऱ्याचे नाही. म्हणून प्रत्येक संस्थेने मागवलेल्या जनुकाची नोंदवही ठेवावी: काय, किती लांबीचे, कोणी, कशासाठी, कुठल्या फ्रीजरच्या कुठल्या कप्प्यात, आणि नष्ट केव्हा केले. शास्त्रज्ञ स्वतःहून थांबतात हेही सांगायला हवे. २०२४ च्या डिसेंबरात ३८ शास्त्रज्ञांनी 'आरशातले जिवाणू' बनवू नका असे लिहिले. आपल्या प्रथिनांची घडण डाव्या हाताची. उजव्या हाताची घडण असलेला जिवाणू केला तर डाव्या पायाच्या चपलेत उजवा पाय न बसावा तशी आपली प्रतिकारशक्ती त्याला कदाचित पकडूच शकणार नाही. लिहिणाऱ्यांत त्या दिशेने काम करणारेही होते.

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्यासाठी नवा कायदा लागत नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या डिसेंबर १९८९ च्या नियमांत दिल्लीच्या समित्यांबरोबर जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, निमंत्रक मुख्य वैद्यकीय अधिकारी, सदस्यांत कारखाना निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी, जिल्हा कृषी अधिकारी, सूक्ष्मजीवतज्ज्ञ आणि महापालिका आयुक्त. काम: जनुकीय बदल केलेले जीव हाताळणाऱ्या जागांना भेट देणे, धोके शोधणे, आणि अपघात झाल्यास संस्थेच्या कुंपणाबाहेर काय करायचे याची योजना तयार ठेवणे. यादी पाहिली तर लक्षात येते की बोंडअळीच्या काळात नेमकी हीच माणसे एका टेबलाशी बसायला हवी होती.

नागपूरला तर अशी समिती चालवण्याची ऐपत इतर जिल्ह्यांहून अधिक आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था, पर्यावरण संशोधन करणारी नीरी, पशुवैद्यक विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळे एका शहरात. आणि सदस्य फक्त तज्ज्ञ असावेत असेही नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज शहराचे महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी हार्वर्डच्या नव्या जनुक प्रयोगशाळेवरून शास्त्रज्ञांना नगरसभेत बोलावून जाब विचारला. प्रयोग काही महिने थांबले. मग शहराने नागरिकांचे एक मंडळ नेमले. त्यात परिचारिका होती, एक नन होती, घरे गरम ठेवायचे इंधन-तेल विकणारा व्यापारी होता, इमारतींचा अभियंता होता. त्यांनी महिनोन्महिने अभ्यास करून प्रयोगांना अटींसह परवानगी द्यावी असे सांगितले आणि १९७७ मध्ये शहराने तसा नियम केला. कंपन्या पळून गेल्या नाहीत. आज त्या गावात जैवतंत्रज्ञान कंपन्यांची दाटी आहे, कारण नियम काय आहे ते तिथे आधीपासून ठाऊक असते.

आमची जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी अशी. समितीच्या सदस्यांची नावे आणि बैठकींची इतिवृत्ते जिल्ह्याच्या संकेतस्थळावर असावीत. जिल्ह्यातल्या ज्या संस्थांत जैवसुरक्षा समिती आहे त्यांची यादी तिथेच असावी, आणि प्रत्येकीच्या ऑटोक्लेव्हची बीजाणू चाचणी शेवटची कधी झाली ती तारीखही. समितीत एक कास्तकार आणि एक सफाई कर्मचारी असावा. प्रयोगशाळेची पिशवी शेवटी कोणाच्या हातात जाते हे त्याच्याइतके कोणाला माहीत नसते. पहिली बैठक एप्रिलअखेर व्हावी, म्हणजे खरिपाचे बियाणे दुकानांत येण्याआधी.

कारण पहिला विषय तयारच आहे. तणनाशक सोसणारे बेकायदा कापूस बियाणे, ज्याला गावात सरळ चोरबीटी म्हणतात, हंगामाआधी फिरू लागते. पावती नाही, आश्रयाच्या ओळींचा प्रश्नच नाही, आणि फसवणूक झाली तर तक्रार कोणाकडे? निंदणाला मजूर मिळत नाहीत ही कास्तकाराची अडचण खरी आहे, त्याला चोर ठरवून ती सुटत नाही. पण शेतात काय पेरले जाते आहे हे जिल्ह्याला कळायला हवे. चाचणी अवघड नाही: पानाचा नखाएवढा तुकडा नळीत चुरडा, अर्धा मिलिलिटर द्रव घाला, पट्टी बुडवा, दहा मिनिटांत दोन रेघा आल्या तर तणनाशक सोसण्याचे प्रथिन आहे. पुढे जनुक-संपादित वाण येतील. भाताचे दोन, 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १', २०२५ च्या मे महिन्यात जाहीर झालेच आहेत, आणि बाहेरचे जनुक नसलेल्या अशा पिकांना मार्च २०२२ पासून जुन्या नियमांतल्या बऱ्याच अटींतून सूट आहे. ते या पट्टीवर दिसणार नाहीत. तिथे बियाण्याची कागदोपत्री साखळी हाच एक पुरावा. तोवर निदान पट्ट्यांचे काम नीट व्हावे. त्या कृषी कार्यालयाच्या गोदामात पंख्याखाली ठेवू नयेत, फ्रीजमध्ये ठेवाव्यात. मे महिन्याच्या नागपुरात भाजलेल्या पट्टीवर पहिली रेघ उमटते, दुसरी उमटत नाही, आणि अहवालात 'आढळले नाही' असे लिहिले जाते.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र, कृषी व वैद्यक शाखांतील काही अध्यापक
नागपूर